बारा नंबरचा डबा

गेल्या सोमवारी मला एका संस्थेकडून ईमेल आला. अमुक उमेदवारानं आमच्याकडे पीएचडीसाठी अर्ज केला असून शिफारस करणाऱ्यांत तुमचं नाव दिलं आहे, तरी शुक्रवारपर्यंत सोबतचा फॉर्म भरून पाठवावा. असे ईमेल मला आता सवयीचे झालेत. मी परदेशात कृत्रिम गुडघ्यांवर काम करतो, थोडंफार शिकवतो, आणि दर हिवाळ्यात दहापाच मुलं 'फक्त एक पत्र' मागायला दारात उभी असतात. या उमेदवाराचं वय मात्र एकसष्ट होतं. नाव वाचलं आणि मी खुर्चीत सरळ झालो. हे गृहस्थ वर्धा जिल्ह्यातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मला शिकवायला होते, आणि त्यांच्यासमोर कुणी वाकडं बसलं की त्या क्षणी त्याच्या मणक्यावर किती भार पडतोय ते सांगायचे.

फॉर्मला पाचशे शब्द हवे आहेत. गुण लिहा, मर्यादा लिहा, आणि तुमच्या पाहण्यातल्या किती जणांत हा उमेदवार कितवा ते लिहा. सरांना पाचशे शब्दांत बसवणं मला जमणार नाही, म्हणून आधी मराठीत मोकळं लिहून बघतो. यातलं उरेल ते फॉर्मला देईन.

कॉलेज सेलूच्या बाजूला, तुरी आणि कपाशीच्या मधोमध उभं होतं. इमारत चार मजल्यांची, विद्यार्थी दीड मजल्यापुरते. आमच्या विभागात एक दणकट मशीन होतं, लोखंडी सळी किती भाराला मोडते ते सांगणारं. ते घेतलेलं तपासणी समितीला दाखवायला. समिती आली की त्याच्यावरचं प्लास्टिक निघायचं, समितीची गाडी फाटकाबाहेर पडली की परत चढायचं. त्या मशीनला रोज काम देणारा माणूस अख्ख्या कॉलेजात एकच होता, आणि तो त्यावर बकऱ्याची हाडं मोडायचा. प्राचार्यांनी एकदा कळवळून सांगितलं होतं की सर, निदान समितीच्या दिवशी तरी सळी लावा.

सरांचा विषय म्हणजे हाडांचं आणि सांध्यांचं यंत्रशास्त्र. गुडघा देवानं केलेला असो की कंपनीनं, त्यावर भार किती येतो, तो वाकतो किती, झिजतो कुठे. त्यामुळे ते माणसाच्या चेहऱ्याकडे बघत नसत. चेहऱ्यावर भार येत नाही. उशिरा आलेला मुलगा दारातून दोन पावलं टाकायचा आणि सर फळ्याकडे तोंड ठेवूनच त्याचं नाव घ्यायचे. माझी त्यांच्याकडची ओळख 'डावा पाय घासणारा' अशी होती. ती त्यांनी पहिल्या आठवड्यात पक्की केली. माझं नाव त्यांना दुसऱ्या वर्षी कळलं.

संध्याकाळी ते सेलूच्या बस स्टँडवर बसत. लोकांना वाटे, बिचाऱ्यांची गाडी चुकली. सर बसायचे एसटीतून उतरणाऱ्यांचे गुडघे बघायला. एसटीची शेवटची पायरी आणि जमीन यांत जे अंतर असतं ते त्यांच्या मते या जिल्ह्यातली सर्वांत उत्तम प्रयोगशाळा होती. एकदा एका बाईनं कंडक्टरकडे तक्रार केली की हा माणूस टक लावून बघून राह्यला. कंडक्टर जाब विचारायला आला. पाच मिनिटांनी तो स्वतः पँट वर करून उजवा गुडघा दाखवत होता, आणि ती तक्रार करणारी बाई बाजूला उभी राहून, "अन् माह्या बी पाहा जी, जिना चढताना कटकट वाजते," म्हणत होती. बस वीस मिनिटं उशिरा सुटली.

असं झालं की गावातली माणसं त्यांना डॉक्टर समजून घरी यायची. "मी हाडाचा डॉक्टर नाई बापा, मेकॅनिक हाय," असं ते प्रत्येकाला सांगत. तिकडून उत्तर यायचं, "चालते ना जी, तुमी पाहून तं घ्या." मग सर पाहून घेत.

त्यांचं एक म्हणणं होतं आणि ते त्यात बुडून गेलेले होते. कृत्रिम गुडघे बनवले खुर्चीवर बसणाऱ्या माणसांनी, खुर्चीवर बसणाऱ्या माणसांसाठी. आमची बाई दिवसभर उकिडवी बसून शेतातलं तण निंदते, उकिडवी बसून भाकरी करते. तिला तो गुडघा बसवला तर ती तो घेऊन करणार काय, सोफ्यावर बसणार? म्हणून त्यांनी अल्लीपूरच्या शिवारात निंदणाऱ्या चाळीस बायकांच्या गुडघ्यांची मापं घेतली, सकाळी कामाआधी आणि संध्याकाळी कामानंतर. मापायचं यंत्र स्वतःच बनवलेलं. दोन लाकडी पट्ट्या आणि कंपासपेटीतला कोनमापक. बायका त्यांना गुडघेवाले मास्तर म्हणायच्या. स्टाफरूममध्येही ते खुर्चीवर दोन्ही पाय वर घेऊन उकिडवेच बसत, आणि त्याच अवस्थेत परीक्षेचे पेपर तपासत. नवीन आलेल्या प्राध्यापकांना हे पहिल्यांदा दिसलं की ते परत जाऊन दारावरची पाटी वाचून येत.

या चाळीस बायकांच्या मापांवर सरांची पीएचडी व्हायची होती. मी कॉलेजात गेलो तेव्हा ती सुरू होऊन पंधरा वर्षं झाली होती, निघालो तेव्हा एकोणीस. मधल्या काळात त्यांचे मार्गदर्शक निवृत्त झाले, नंतर वारलेही. प्रबंध सरांच्या कपाटात होता, सगळा टाइप केलेला, सुतळीनं बांधलेला. विचारलं की सर म्हणत, "चौथं प्रकरण राह्यलं." पहिली तीन झाली, पाचवं-सहावं झालं, चौथं राहिलं. ही गोष्ट कॉलेजातल्या शिपायालाही ठाऊक होती. कॅन्टीनमध्ये समोसा यायला उशीर झाला की आम्ही पोरं म्हणायचो, चौथं प्रकरण चालू आहे. सरांच्या मिसेस जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत. त्या आम्हाला चहा देताना म्हणायच्या, "माह्या दोन पोरी शिकून नोकरीले लागल्या, पर यांचं चौथं प्रकरण काई पोटातून बाहेर येऊन राह्यलं नाई." सर हसायचे आणि बशीत चहा ओतायचे. मी या हसण्यात सर्वांत पुढे होतो, हेही नोंदवून ठेवतो.

आणि त्यांचा तो एक प्रश्न. 'कितींपैकी?' कुणी म्हणालं, पोरगा फार हुशार आहे, की सर म्हणणार, कितींपैकी? लग्नात कुणी म्हणालं, आलूवांग्याची भाजी एक नंबर झाली, की सर विचारणार, कितींपैकी? त्यांच्या पुतणीला पाहायला हिंगणघाटची मंडळी आली होती. मुलाचा मामा म्हणाला, आमचा पोरगा लाखात एक आहे. सरांनी अगदी आदरानं विचारलं, "तुम्ही किती पाह्यले?" ते लग्न जमलं, पण सर आत स्वयंपाकघरात गेल्यावर.

आता माझ्याकडे येतो. शेवटच्या वर्षी माझ्या डोक्यात परदेशात शिकायला जायचं भरलं. नाचणगावच्या आमच्या घरातून तोपर्यंत सर्वांत लांब गेलेला माणूस म्हणजे माझे काका, पुण्यापर्यंत. पण सरांनी माझ्या डोक्यात गुडघा घातला होता आणि तो निघत नव्हता. पाच विद्यापीठांना अर्ज करायचे ठरले. प्रत्येकाला तीन शिफारसपत्रं हवी होती, आणि त्यातलं एक प्रोजेक्टच्या मार्गदर्शकाचं, म्हणजे सरांचं. त्याशिवाय अर्ज उघडूनही बघणार नव्हते.

आमच्याकडे शिफारसपत्राची पद्धत सोपी आहे. विद्यार्थ्यानं स्वतःच स्वतःचं पत्र लिहून न्यायचं, गुरूनं सही करायची. एकविसाव्या वर्षी स्वतःची इतकी स्तुती लिहायला मिळणं ही आमच्या शिक्षणपद्धतीची मोठीच देणगी आहे. विभागप्रमुखांनी माझ्या पत्रावर फोनवर बोलता बोलता सही केली. त्याच आठवड्यात त्यांनी आणखी सहा जणांच्या पत्रांवर सह्या केल्या, आणि आम्ही सातही जण त्यांच्या कारकिर्दीतले सर्वोत्तम विद्यार्थी होतो. प्राचार्यांनीही केली. मग मी तिसरं पत्र घेऊन सरांकडे गेलो.

सरांनी ते दोन दिवस ठेवून घेतलं आणि लाल पेनानं तपासून परत दिलं. 'असाधारण बुद्धिमत्ता' खाली रेघ, समासात 'कितींपैकी?' 'कठोर परिश्रमी' खाली रेघ, 'मोजले कसे?' 'जन्मजात नेतृत्वगुण' याच्यावर नुसतीच फुली. खाली दहापैकी तीन गुण.

"तू काऊन लिहून राह्यला?" सर म्हणाले. "पत्र माहं हाय ना? मी जे पाह्यलं ते मी लिहीन."

 सरांनी काय पाहिलं होतं, ते मला पक्कं माहीत होतं.

झालं असं होतं. माझ्या प्रोजेक्टसाठी बकऱ्याच्या मांडीची बारा हाडं मशीनवर मोडायची होती. हाडं आणायची जबाबदारी माझी. मटणवाले चाचा सरांना चांगलेच ओळखत. ते हाड साफ करून देताना विचारायचे, "मास्तर को बोलो, इतना तोडके क्या मिलता है? हम तो रोज तोडते." मोडलेल्या हाडाचे तुकडे सर श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांत ठेवत, डब्यावर नंबर घालून. आकडा वहीत, पुरावा डब्यात, अशी त्यांची शिस्त होती. अकरा हाडं नीट मोडली. बारावं मिठाच्या पाण्याच्या बादलीत भिजत घातलेलं होतं, ते कॉलेजच्या कुत्र्यानं नेलं. दुसऱ्या दिवशी प्रोजेक्ट द्यायचा होता आणि चाचा लग्नाला चंद्रपूरला गेले होते.

मी अकरा आकड्यांची सरासरी काढली. तीच लिहिली असती तर संशय आला असता, म्हणून जरा खालचा आकडा लिहिला. मला त्या जरा खालच्याचा तेव्हा अभिमानही वाटला. राहिला डबा. सातवं हाड दोनाऐवजी तीन तुकड्यांत मोडलं होतं. त्यातला एक तुकडा उचलून मी बारा नंबरच्या डब्यात टाकला आणि झाकण लावलं.

मोडलेली दोन टोकं एकमेकांत बसतात, हे मला चार वर्षं ज्या माणसानं शिकवलं, त्याच माणसाच्या कपाटात मी तो डबा ठेवला.

आठवड्याभरानं सरांच्या घरी गेलो तर सातवं हाड टेबलावर होतं, तिन्ही तुकडे फेव्हिकॉलनं जोडलेले. शेजारी बारा नंबरचा डबा, झाकण उघडं, आत काही नाही. सर माझ्याशी पावसावर बोलले. त्यानंतर मी पत्राची आठवण करायला म्हणून दर आठवड्याला जात राहिलो. चहा यायचा, चिवडा यायचा, आणि डबा त्याच जागी असायचा. मिसेसनी एकदा त्यात सुपारी भरायला घेतली तर सर म्हणाले, "राहू दे, तो कामाचा हाय." मी विचारायचो, सर, पत्र? ते म्हणायचे, "लिहून राह्यलो ना." ऑगस्ट गेला, सप्टेंबर, ऑक्टोबर गेला. अर्जाची शेवटची तारीख डिसेंबरात होती.

माझी आई म्हणाली, "त्या सराले तिळाचे लाडू नेऊन दे, मंग लिहितीन." नेले. सरांनी दोन खाल्ले, छान झालेत म्हणाले, आणि कितींपैकी, हे स्वतःला विचारलं नाही. पत्र तसंच. मी घरी येऊन आईवर चिडलो. कॅन्टीनमध्ये सांगितलं की ज्याला स्वतःचं चौथं प्रकरण जमलं नाही तो दुसऱ्याचं पहिलं पान काय लिहिणार. सगळे हसले. माझ्याच मनाला माहीत होतं की माझी पाच विद्यापीठं एका श्रीखंडाच्या डब्यात अडकली आहेत.

शेवटच्या तारखेला तीन दिवस उरले. मी सकाळी नाचणगावहून निघालो आणि वाटेत तीन वेळा ठरवलं की आज सरांना ठणकावून विचारायचं. दारात चप्पल काढली, आत गेलो, बसलो. सर अंगणात हरभरा निवडत होते, उकिडवे. डबा टेबलावर. आणि माझ्या तोंडून निघालं, "सर, बारावं हाड मी मोडलंच नाई. कुत्र्यानं नेलं. आकडा मनानं लिहिला."

सरांनी हातातलं सूप खाली ठेवलं. माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. चार वर्षांत पहिल्यांदा.

"सातव्याचा तुकडा बी तूच टाकला?"

"हो."

"कुत्रं कोनतं, तो पांढरा का?"

"हो सर."

"बरं," ते म्हणाले. "बस. पाठवतो."

आत जाऊन ते एका बोटानं टाइप करत बसले. मी बाहेर राहिलेला हरभरा निवडला. पाऊण तासानं येऊन म्हणाले, गेलं. काय लिहिलं हे विचारायची सोय नव्हती. ते पत्र वाचण्याचा हक्क सोडतो, अशा चौकटीत मी स्वतःच खूण केलेली होती. निघताना त्यांनी बारा नंबरचा डबा माझ्या हातात दिला. "हे तुह्यं," म्हणाले. मी तो पिशवीत घातला आणि बस स्टँडपर्यंत मनातल्या मनात त्यांना शिव्या देत गेलो.

चार विद्यापीठांनी नकार कळवला. माझी खात्री होती की सरांनी माझी वाट लावली. पाचव्यानं घेतलं. तिथल्या बाईंनी, म्हणजे माझ्या पुढच्या मार्गदर्शकांनी, पहिल्या दिवशी प्रोजेक्टबद्दल विचारलं, किती हाडं मोडलीस. मी अकरा म्हणालो. त्यांनी मान डोलावली आणि लॅबची किल्ली माझ्या हातात ठेवली. मला वाटलं, तिकडे किल्ली अशीच देत असतील. मी पदव्या घेतल्या, चार लेख छापले, आणि घरी गेलो की मित्रांना सरांची नक्कल करून दाखवत राहिलो. ती नक्कल मला फार छान जमते.

तर सोमवारी तो ईमेल आला, आणि मंगळवारी सरांचा फोन. दहा वर्षांनी. आवाज तोच.

"फॉर्म आला का तुले?"

"आला सर. पण या वयात पुन्हा पहिल्यापासून कशाला? प्रबंध तयार आहे ना तुमचा."

"तो जाळला," सर म्हणाले. "मापं पुन्हा घेतली. रिटायर झाल्यावर दुसरं काय काम होतं? आता शिवारात जातो तं पोरी इचारते, आमच्या आजीचे गुडघे मोजनारे तुमीच का. आईक, तुले जे माहीत हाय तेच लिहिजो. अन् एक गोष्ट तुले माहीत नाई, म्हनून पाठवून राह्यलो. ते वाचजो, मंग लिहिजो."

त्यांनी पाठवलं होतं माझं शिफारसपत्र. मूळ इंग्रजीत आहे, सरांच्या त्या इंग्रजीत, ज्यात एकही विशेषण नसतं. मराठीत ते साधारण असं होईल:

'या विद्यार्थ्यानं बारा हाडं मोडल्याचं लिहिलं. मोडली अकरा. बारावा आकडा त्यानं मनानं लिहिला आणि डब्यात सातव्या हाडाचा तुकडा ठेवला. तुकडा जुळवून मी खात्री केली आहे. तो सांगेल म्हणून मी चार महिने वाट पाहिली. आज सकाळी त्यानं सांगितलं. माझ्या स्वतःच्या प्रबंधात चाळीस स्त्रियांची मापं आहेत. संध्याकाळची मी एकोणचाळीस घेतली. चाळिसावी लवकर घरी गेली होती. तिचं माप मी निंबाखाली बसून मनानं लिहिलं. माझे मार्गदर्शक हयात होते तोवर मला ते त्यांना सांगता आलं नाही. ती मापं असलेलं चौथं प्रकरण मी अजून दिलेलं नाही. प्रामाणिकपणात हा विद्यार्थी कितींपैकी कितवा, असं तुम्ही विचारलं आहे. ही चूक केलेली माणसं माझ्या माहितीत दोन आहेत. त्या दोघांत हा पहिला.'

मी ते वाचलं आणि उठून लॅबचं दार लावून घेतलं. चार वर्षं आम्ही ज्याला हसलो ते हे होतं. सुतळीनं बांधलेलं ते बाड माणूस रोज कपाटात पाहत होता, आम्ही समोसा आला नाही की त्याचं नाव घेत होतो, आणि तो बशीत चहा ओतून हसत होता. मला माझी लाज वाटली, आणि त्यात काही विनोद सापडेना.

आज शुक्रवार. फॉर्म समोर उघडा आहे. गुणांच्या चौकटीत मी त्यांनी पाहिलेल्या गुडघ्यांबद्दल लिहिलं, कोनमापकाबद्दल लिहिलं. जाळलेल्या प्रबंधाबद्दल आणि चाळिसाव्या बाईबद्दलही लिहिलं, कारण ते आता मला माहीत आहे. मर्यादा या चौकटीत 'उशीर करतात' एवढंच लिहिलं.

प्रामाणिकपणाच्या रकान्यात कितींपैकी, या जागी मी दोन लिहिलं. कितवा, या जागी पहिला लिहिलं. सर हे वाचणार नाहीत. वाचलं तर लाल पेनानं रेघ मारून समासात कारण विचारतील, म्हणून खाली कारणही दिलं. मी बोलावं म्हणून माझ्यासमोर चार महिने उघडा डबा ठेवावा लागला होता. त्यांच्यासमोर कुणीच ठेवला नव्हता.